पोटातला गोळा

कापड कापायच्या टेबलाशी उभं राहण्यात मास्तरबाईंची निम्मी हयात गेली होती. तयार कपड्यांच्या त्या कारखान्यात कटिंग मास्तर झालेली पहिली बाई त्याच, म्हणून सगळे त्यांना मास्तरबाई म्हणत. खरं नाव फक्त हजेरी घेणाऱ्याला ठाऊक. लांबलचक टेबलावर कापडाचे वीतभर उंच थर लावायचे, वर आखणीचा कागद पसरायचा आणि विजेवर चालणारी उभी सुरी त्या रेषांवरून फिरवायची, हे त्यांचं काम. सुरीचं पातं इतक्या वेगाने वरखाली होतं की दिसतच नाही, नुसती चमक दिसते. नवी माणसं तिच्या आसपास फिरकत नसत. मास्तरबाई डाव्या हातात पोलादी कड्यांचा मोजा चढवायच्या आणि जावयाच्या तक्रारी ऐकता ऐकता कॉलरचं वळण कापायच्या. जावई दुसऱ्या कोणाचा तरी असायचा. त्यांची स्वतःची लेक, ठकू, अजून लग्नाच्या गोष्टी काढल्या की उठून जायची.

तर अशा बाईला एका सकाळी, कामाच्या ऐन भरात, भीती वाटली.

निमित्त काहीच नव्हतं. टेबलाच्या मधोमध कापडाला चुणी पडली होती. ती काढायला त्या ओणव्या झाल्या, टेबलाच्या कडेवर भार टाकून त्यांनी हात लांबवला, आणि छातीत कोणीतरी दार धडाधडा वाजवावं तसं सुरू झालं. डोकं ठणकायला लागलं. मानेवरून, पाठीवरून घामाच्या धारा. हात गार पडले. पण हे सगळं एकीकडे आणि ती भीती एकीकडे. आता, या क्षणी, काहीतरी भयंकर होणार आहे आणि ते आपल्याखेरीज कोणाला माहीत नाही, अशी ती भीती होती. त्यांनी सुरीचं बटण बंद केलं आणि टेबलाला धरून उभ्या राहिल्या.

"मास्तरबाई, तुम्ही पांढऱ्याफटक पडलात," शेजारी थर लावणारी बाई म्हणाली.

"ऊन लागलं असेल."

"आतल्या आत कुठलं ऊन?"

थोड्या वेळाने सगळं ओसरलं. अंगातली शक्ती कोणीतरी काढून नेल्यासारखं वाटत राहिलं, एवढंच. त्या पाणी प्यायल्या, त्यांनी चुणी काढली आणि कापायला घेतलं. घरी त्यातलं एक अक्षर बोलल्या नाहीत.

पण ते पुन्हा आलं. मग वरचेवर यायला लागलं. कधी टेबलाशी, कधी खाली पडलेली खडूची वडी उचलताना, कधी चपलेचा पट्टा लावताना. कधी नुसतं कुशीवर वळताना. सांगून सवरून काही नाही. आणि माणसाचं मन असं की भीती आली म्हणजे तिला कारण लागतं. कारण नसेल तर ते शोधून आणतं. पहिल्यांदा मास्तरबाईंना वाटलं, कापण्यात चूक झाली. त्यांनी कापलेला सगळा गठ्ठा सोडून पुन्हा मोजमाप घेतलं; सूतभरही फरक नव्हता. मग वाटलं, गॅस चालू राहिला. मग वाटलं, ठकूला काहीतरी झालं. त्या आडोशाला जाऊन फोन लावायच्या.

"कुठे आहेस?"

"आई, कार्यशाळेत. हात तेलाने बरबटलेत माझे."

"बरी आहेस ना?"

"तासाभरात असं काय होणार आहे मला?"

ठकू यंत्रं शिकत होती. पुढे पुढे तिने फोन उचलणं सोडलं, आणि मग मास्तरबाईंच्या जिवाची जी उलघाल व्हायची ती विचारू नका.

नवऱ्याला त्यांनी शेवटी सांगितलं. ते चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचे. शांत माणूस, कशालाही एका डोळ्याने निरखून बघायची सवय. त्यांनी बायकोकडेही तसंच बघितलं.

"अगं, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. विचार करू नकोस, म्हणजे येणार नाही."

"मी विचार करत नाही हो. मी चप्पल घालत असते."

यानंतर जे घडलं त्याने गोष्टी भलत्याच वळणावर गेल्या. एका रविवारी पलंगाखालची पेटी ओढायला मास्तरबाई वाकल्या आणि त्यांना आजवरचा सगळ्यात जोराचा झटका आला. थोरल्या जाऊबाई त्या दिवशी घरी आल्या होत्या. मास्तरबाई भिंतीला टेकून थरथरत होत्या आणि एकच म्हणत होत्या, "कोणाला तरी काहीतरी झालंय. आपल्यातल्या कोणाला तरी." संध्याकाळी निरोप आला की त्यांचा भाऊ शिडीवरून पडला आणि मांडीचं हाड मोडलं.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. पण हे तेव्हा कोणी म्हणालं नाही. जाऊबाईंनी तोंडावर हात ठेवला. "हिला आधी कळलं," त्या म्हणाल्या, आणि आठवडाभरात सगळ्या नातेवाइकांना ते ठाऊक झालं. कोणी प्रवासाला निघताना फोन करून विचारायचं, "काही वाटतंय का गं तुला?" कारखान्यातल्या बायका त्यांच्या चेहऱ्याकडे बघायला लागल्या. त्या घामाघूम झाल्या की टेबलाभोवतीच्या सगळ्या जणी गप्प व्हायच्या आणि आपापल्या मुलांना फोन करायच्या.

मास्तरबाईंना हे मुळीच आवडलं नाही. पण त्यांनी ते नाकारलंही नाही. कारण दुसरी शक्यता एकच होती, की आपलं डोकं फिरत चाललंय. त्यापेक्षा आपल्याला पुढचं कळतं, हे बरं.

घरचे म्हणून जे डॉक्टर होते, म्हातारे आणि प्रेमळ, त्यांच्याकडे नवरा घेऊन गेला. त्यांनी रक्तदाब घेतला. तेव्हा झटका नव्हता. दाब अगदी बेताचा होता. त्यांनी वय विचारलं, पाळी विचारली.

"हे असंच असतं या वयात. अंगातून वाफा येतात, घाम फुटतो, जीव घाबरा होतो. शरीरातली रसायनं बदलतात. चांगली झोप घ्या. मन कशात तरी रमवा."

"माझं मन कापडात रमलेलंच आहे डॉक्टर."

त्यांनी हसून झोपेची गोळी लिहून दिली. झोप लागली. पण झटके काही झोपले नाहीत.

याच सुमारास ठकूला जहाजांच्या इंजिनांचं काम शिकायला एका दूरच्या बंदरात बोलावणं आलं. शंभरात एखाद्याला मिळावं असं. घरात आनंद झाला. मास्तरबाईंनी स्वतःच्या हाताने तिच्यासाठी जाड कापडाचे दोन अंगरखे शिवले. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ठकूची बॅग भरणं चाललं होतं. बॅगेची चेन लागत नव्हती. "थांब, मी बसते तिच्यावर," असं म्हणून मास्तरबाई बॅगेवर पोटाने ओणव्या झाल्या, दोन्ही हातांनी चेन ओढली, आणि तशाच खाली घसरल्या.

ठकूने त्यांना उचललं. आईचा चेहरा खडूसारखा झाला होता, डोळे मोठे झाले होते, ओठांना कंप सुटला होता. आईने तिचं मनगट असं धरलं की नखं रुतली.

"जाऊ नकोस."

"आई, पाणी पी आधी."

"जाऊ नकोस गं. मला दिसतंय. तू गेलीस तर परत येणार नाहीस."

"काय दिसतंय तुला? नीट सांग."

पण दिसत काहीच नव्हतं, तर सांगणार काय? होती ती फक्त खात्री, काळोख्या विहिरीसारखी. ठकूने बाबांकडे बघितलं. बाबांनी एरवी ब्रह्मराक्षसाची म्हण सांगितली असती. पण मेहुण्याची मोडलेली मांडी त्यांच्याही डोळ्यांसमोर होती. ते म्हणाले, "या खेपेला राहू द्यायचं का?"

ठकूने बंदरावर कळवलं की घरात आजारपण आहे. तिथल्या लोकांनी जागा पुढच्या तुकडीत ठेवली. भरलेली बॅग तिने रिकामी केली नाही, खोलीच्या दारात तशीच उभी ठेवली, आणि येता-जाता आईला त्या बॅगेला वळसा घालावा लागे. दोघींत कामापुरतं बोलणं उरलं.

मास्तरबाई आता भीतीलाच भ्यायला लागल्या. टेबलाजवळ जाताना एकच विचार. आज येईल का, सुरी चालू असताना येईल का. वजन उतरलं, कपडे ढगळ झाले. त्या पुन्हा म्हाताऱ्या डॉक्टरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "निदान ही धडधड तरी थांबवा." डॉक्टरांनी हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी दिली. ती गोळी हजारो लोक घेतात.

गोळ्या सुरू केल्या आणि लगेच दुसऱ्या दिवशी, टेबलाच्या पार मध्यावरची बाही कापायला त्या वाकल्या, तेव्हा झटका आला तो थांबेचना. या वेळी छातीत धडधड फारशी नव्हती, पण डोकं फुटेल असं वाटत होतं. डोळ्यांपुढे अंधारलं. बटणाकडे नेलेला हात भलतीकडेच गेला. सुरी रेषा सोडून आडवी धावली, कापडाचे सगळे थर चिरत गेली आणि डाव्या हाताच्या पोलादी मोज्यावर खणखणून थांबली. शेजारणीने वायर उपटली. मास्तरबाई टेबलाखाली पडल्या होत्या आणि त्यांना आपला श्वास बुडबुड्यांसारखा ऐकू येत होता.

मोठ्या इस्पितळात त्यांना नळ्या लावल्या, दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला. संध्याकाळपर्यंत श्वास जरा ताळ्यावर आला. त्या पाळीला एक बारीक चणीच्या डॉक्टर होत्या, आवाज इतका हळू की ऐकायला मान पुढे करावी लागे. उशाशी ठकू आणि तिचे बाबा. डॉक्टरांनी सगळं तपासलं, मग पोटावर हात ठेवून इकडे तिकडे दाबून बघायला लागल्या.

"इथे दुखतं?"

"नाही."

"इथे?" त्यांनी डाव्या बरगडीखाली बोटं जरा खोल दाबली.

मास्तरबाईंनी चादर मुठीत धरली. "येतंय," त्या म्हणाल्या.

"काय येतंय?"

"तेच. ते येतंय. हात काढा."

डॉक्टरांनी हात काढला आणि पडद्याकडे बघितलं. पट्टा फुगला, सुटला. रक्तदाबाचा आकडा चढला होता. पुन्हा फुगला; आणखी चढला. यंत्र ओरडायला लागलं. डॉक्टरांनी परिचारिकेला भराभर औषध सांगितलं, आणि सगळं उतरेपर्यंत पडद्यावरची नजर हलवली नाही.

"यापुढे यांच्या पोटाला कोणीही हात लावायचा नाही," त्या परिचारिकेला म्हणाल्या. मग खुर्ची ओढून बसल्या. "तुम्ही काम काय करता?"

"कापड कापते."

"कशा? उभ्याने?"

"उभ्याने. मधलं कापायचं तर टेबलावर ओणवं व्हावं लागतं."

"मग टेबलाची कड कुठे टेकते?"

मास्तरबाईंचा हात आपोआप डाव्या बरगडीखाली गेला.

लघवीची तपासणी झाली, रक्ताची झाली, पोटाचा फोटो निघाला. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक लहानशी ग्रंथी असते. डाव्या ग्रंथीत मोसंब्याएवढी गाठ होती. डॉक्टरांनी तो फोटो खिडकीच्या उजेडात धरून दाखवला.

"माणसाच्या मागे कुत्रं लागलं," त्या म्हणाल्या, "की मेंदू या ग्रंथीला इशारा देतो. ती रक्तात एक रस सोडते. त्याने हृदय जोरात चालतं, कातडीकडचं रक्त पायांकडे वळतं, साखर वाढते, घाम सुटतो. म्हणजे पळता यावं. कुत्रं गेलं की रस बंद. तुमच्या या गाठीला मेंदूचा इशारा लागत नाही. तिच्यावर दाब आला की ती तोच रस ओतते, आणि ओतते तो वाटीने नाही, घागरीने. कुत्रं नसतंच. पण शरीराला ते कसं कळणार?"

"आणि ती धडधडीची गोळी?" नवऱ्याने विचारलं.

"तिने हृदयाला लगाम घातला, पण आवळलेल्या रक्तवाहिन्या आणखीच आवळल्या. या आजारात ती आधी द्यायची नसते. पण हा आजार आहे हे माहीत नसेल तर कोणीही देईल."

नवरा फोटोकडे एका डोळ्याने बघत राहिला. "म्हणजे पोटात गोळा येतो म्हणतात, तो हिच्या खरोखरच आलाय," तो म्हणाला. तोंड फिरवून तो बाहेर गेला.

ठकू तशीच उभी होती. "डॉक्टर, मामा पडला त्या दिवशी आईला आधी कळलं होतं."

"त्या आधी काय करत होत्या?"

"पलंगाखालून पेटी ओढत होते," मास्तरबाई म्हणाल्या. आणि मग स्वतःशीच, हळूच, "बॅगेवर ओणवी झाले होते."

डॉक्टरांना बॅगेचं काय ते कळलं नाही. मायलेकींना कळलं. ठकूने आईकडे न बघता तिच्या पायांवरची चादर सारखी केली.

गाठ लगेच काढता येत नव्हती. आधी काही दिवस रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या गोळ्या, भरपूर पाणी, जेवणात मीठ जास्त. तशीच शस्त्रक्रिया केली तर टेबलावरच जीव जायचा. हे दिवस मास्तरबाईंनी घरी काढले, आणि ते सगळ्यांत वाईट होते. नाक चोंदलेलं, उठून उभं राहिलं की घेरी. वाकायचं नाही, उचलायचं नाही, कुंथायचं नाही, जोरात शिंकायचंसुद्धा नाही. आजवर भीती कुठून येते ते माहीत नव्हतं. आता तिचा पत्ता ठाऊक झाला होता आणि ती कातडीच्या आत राहत होती. त्या स्वतःच्या पोटाला जपून चालायच्या, पाण्याने काठोकाठ भरलेलं भांडं न्यावं तसं. नवरा पलंगाच्या पार कडेला झोपायला लागला. एकदा झोपेत त्याचा हात त्यांच्या कमरेवर पडला, तर तो दचकून उठून बसला आणि मग त्याला झोपच लागली नाही.

"अहो, मी काही दारूगोळा नाही," त्या म्हणाल्या.

"ते तू डॉक्टरांना विचारून सांग."

दोघं हसली, पण जपूनच. हसण्यानेही पोट हलतं.

म्हातारे डॉक्टर येऊन गेले. खुर्चीच्या काठावर बसले, बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. "इतक्या वर्षांत असा रोगी मी बघितला नव्हता," ते म्हणाले. मास्तरबाईंनी त्यांना चहा दिला. राग आला होता. पण त्यांनी चहाला तोंडही लावलं नाही हे बघून तो गिळला.

दाखल व्हायच्या दिवशी त्यांनी त्या हळू आवाजाच्या डॉक्टरांना विचारलं, "आता मला भीती वाटते आहे. ही कोणाची? माझी, की त्या गाठीची?"

डॉक्टरांनी पडदा बघितला. दाब ठीक होता. "ही तुमची."

"मग ही पण तशीच लागते की हो. काही फरक नाही."

"रस तोच आहे. उजव्या बाजूची ग्रंथी चांगली आहे ना, ती तिचं काम करते आहे."

शस्त्रक्रिया लांबली. बाहेरच्या बाकावर बापलेक बसले होते. दार उघडलं की दोघं उठायची, आणि कोणी दुसऱ्याच कोणाचं नाव घेतलं की बसायची. बाबांनी चष्मा इतक्यांदा पुसला की ठकूने तो काढून घेतला.

"मी तिला वेडी म्हणत होतो," ते म्हणाले.

"तोंडावर कधी म्हणाला नाहीत."

"पण म्हणत होतो."

ठकू मनात आईला त्याहून वाईट काही म्हणाली होती.

शेवटी भूल देणारे डॉक्टर बाहेर आले, कपाळाला अजून टोपीचा वळ. गाठ निघाली होती. तिला हात लागताक्षणी दाब आभाळाला भिडला, आणि तिची शीर बांधताक्षणी असा कोसळला की औषधांवर औषधं ओतावी लागली. "दोनदा आमचं धाबं दणाणलं," ते म्हणाले. "आता ठीक आहे." ठकूने बाबांचा चष्मा त्यांना परत दिला.

मास्तरबाई सावरल्या. टाके सुकले, अंगावर मांस चढलं. दर वर्षी तपासणी करत राहायची, आणि ही गाठ कधी कधी घराण्यात उतरते म्हणून ठकूच्याही रक्ताची तपासणी करायची, असं ठरलं. ठकूचं रक्त स्वच्छ निघालं. सगळं बरं झालं म्हणायचं. पण मास्तरबाईंचा त्यावर विश्वास बसायला वेळ लागला. खाली वाकल्या की त्या वाट बघायच्या. काही यायचं नाही. मग जरा जास्त वाकायच्या, मुद्दाम, जिभेने दुखरा दात चाचपावा तशा. कारखान्यात परतल्यावर पहिल्या दिवशी सुरी हातात घेतली, तेव्हा भोवतालच्या बायका पुन्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

"आता मला काही कळत नाही गं," त्यांनी सांगून टाकलं. "आपापली कामं करा." एकदोघींचा चेहरा उतरला. जाऊबाईंना तर ते अजून पटलेलं नाही.

पुढच्या तुकडीचं बोलावणं आलं. ठकूने बॅग या खेपेला स्वतःच भरली, स्वतःच बंद केली. निघायच्या दिवशी सकाळी बाबा गाडी बघायला खाली गेले होते. ठकू बूट घालून तयार होती, पण दारातून हलेना. आईकडे पाठ करून तिने बॅगेचा पट्टा उगाच घट्ट केला.

"आई, एक विचारू? हसणार नाहीस ना?"

"विचार."

"तुला काही वाटतंय का? म्हणजे आतून. मी जातेय त्याबद्दल."

ही मुलगी, जी महिनोन्महिने आईशी धड एक शब्द बोलली नव्हती, जिने गाठीचा फोटो स्वतः डोळ्यांनी बघितला होता, ती विचारत होती. मास्तरबाईंना वाटलं, नाही म्हणावं. काही होणार नाही, मला माहीत आहे, असं छातीठोक सांगावं. पूर्वी सांगता आलं असतं. तिने मानलं असतं.

"मला काहीच कळत नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्या जहाजाचं काय होणार, तुझं काय होणार, मला काडीचंही माहीत नाही. मला भीती वाटते, पण ती सगळ्यांच्या आयांना वाटते तेवढीच."

"मलाही वाटते," ठकू म्हणाली.

तिचे हात गार होते. मास्तरबाईंनी ते आपल्या हातात घेऊन चोळले. खालून गाडीचा भोंगा वाजला. ठकूने बॅग उचलली, जिन्याच्या वळणावर एकदा वर बघितलं आणि गेली. मास्तरबाई कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. छातीत धडधडत होतं. गाडी दिसेनाशी झाल्यावरही बराच वेळ ते तसंच चालू राहिलं, आणि त्यांनी ते चालू दिलं.